ग्रामोत्सव आणि ग्रामपुनरुज्जीवन (अहिल्यानगर जिल्हा)

ग्रामोत्सव आणि ग्रामपुनरुज्जीवन या विषयात गावाने एकत्र येऊन साजऱ्या केलेल्या कला, लोकनाट्य, यात्रा व निसर्ग-उत्सवांचा ओसरत चाललेल्या ग्रामीण भागाच्या अर्थकारणाशी, लोकवस्तीशी आणि सामूहिक जीवनाशी असलेला संबंध अभ्यासला जातो. पाण्याचे दुर्भिक्ष, हंगामी स्थलांतर, शेतीचे घटते उत्पन्न आणि तरुणांचे शहराकडे जाणे या कारणांनी खेडी रिकामी होऊ लागली, की गावाची सार्वजनिक कामे, लोककला व परस्परांचे व्यवहार यांनाही ओहोटी लागते. उत्सवाच्या निमित्ताने माणसे, पैसा आणि श्रम पुन्हा गावात आणता येतात, या विचारावर देशोदेशी अनेक उपक्रम उभे राहिले आहेत.

महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्हा या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतो. गावजत्रा व तमाशा, मढीची यात्रा, अखंड हरिनाम सप्ताह, अकोले तालुक्यातील बोहाडा आणि भंडारदरा परिसरातील काजवा महोत्सव अशी उत्सवांची निरनिराळी रूपे या एकाच जिल्ह्यात आढळतात. त्याच जिल्ह्यात राळेगण सिद्धी व हिवरे बाजार ही पाणलोट विकासातून सावरलेली गावेही आहेत. त्यामुळे उत्सवाने काय साधते आणि काय साधत नाही, याची तुलना येथे करता येते.

संकल्पना

उत्सवातून ग्रामपुनरुज्जीवन ही संकल्पना साधारणपणे तीन अंगांनी मांडली जाते. पहिले अंग आर्थिक आहे. बाहेरून आलेला पाहुणा किंवा गावी परतलेला गावकरी निवास, भोजन, वाहन, खरेदी यांवर खर्च करतो व त्यातील काही भाग गावात राहतो. दुसरे अंग सांस्कृतिक आहे. कला सादर करण्याचे प्रसंग टिकले, तर ती कला शिकण्याचे प्रयोजनही टिकते. तिसरे अंग सामाजिक आहे. वर्गणी गोळा करणे, कामे वाटून घेणे, हिशेब सर्वांपुढे ठेवणे या गोष्टींचा सराव उत्सवात होतो आणि तो रस्ता, शाळा, बंधारा अशा इतर सामूहिक कामांत उपयोगी पडतो.

उत्सवांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात उत्सव गावाच्या परंपरेतून आलेला असतो, त्याचा खर्च लोकवर्गणीतून भागतो आणि त्याची तिथी ठरलेली असते. दुसऱ्या प्रकारात शासन, पर्यटन व्यवसाय अथवा बाहेरील कलावंत पुढाकार घेतात आणि गाव यजमान असते. प्रत्यक्षात अनेक उत्सवांत दोन्ही प्रकारांचे मिश्रण दिसते.

पूर्वपीठिका

भारतात या विचाराची आधुनिक मांडणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. रवींद्रनाथ टागोर यांनी १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळ श्रीनिकेतन ही ग्रामपुनर्रचनेची संस्था सुरू केली. शेती, आरोग्य व हस्तव्यवसाय यांच्याबरोबर ऋतूंचे उत्सव व मेळे यांनाही त्या कार्यात स्थान होते.

महाराष्ट्रातील महत्त्वाची घटना म्हणजे डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर (जळगाव जिल्हा) येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन होय. महात्मा गांधींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारखी स्थानिक सामग्री आणि स्थानिक कारागीर यांच्या साहाय्याने तेथील ‘टिळकनगर’ या तात्पुरत्या नगराची सजावट केली. अधिवेशनासोबत खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरले होते. मोठ्या मेळाव्याची गरज गावातील कौशल्याने भागवावी आणि त्याचा मोबदला गावालाच मिळावा, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आणलेले दिसते.

संत गाडगेबाबांनी यात्रेच्या ठिकाणी स्वतः झाडू घेऊन सफाई करण्याचा आणि रात्री कीर्तनातून लोकशिक्षण करण्याचा परिपाठ घालून दिला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी भजन, सामुदायिक प्रार्थना आणि ‘ग्रामगीता’ हा ग्रंथ यांतून ग्रामसुधारणेचा विचार मांडला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनीही गीत, नृत्य व लोकनाट्य यांचा लोकजागृतीसाठी वापर केला.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा अहिल्यानगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात चौदा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती व तीत ग्रामीण लोकसंख्येचा वाटा सुमारे चार पंचमांश होता.

भौगोलिकदृष्ट्या जिल्ह्यात मोठी विषमता आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीच्या कुशीत असून महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच तालुक्यात येते. घाटघर, रतनवाडी या भागांत अतिवृष्टी होते. प्रवरा व गोदावरी खोऱ्यांतील संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे हे तालुके कालव्यांच्या पाण्याने व सहकारी साखर कारखानदारीने संपन्न झाले. लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. याउलट पारनेर, नगर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी व शेवगाव या तालुक्यांचा मोठा भाग पर्जन्यछायेत असून तेथे अवर्षण नेहमीचे आहे.

या विषमतेतून स्थलांतराची दोन ठळक रूपे निर्माण झाली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी कारखान्यांच्या परिसरात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत पती-पत्नीची जोडी, म्हणजेच एक ‘कोयता’, चार-पाच महिने उसाच्या फडात राबते आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास गावी परतते. दुसरे स्थलांतर पुणे, मुंबई, नाशिक येथील नोकरी व रोजगारासाठी होणारे आहे. पारनेर, संगमनेर व अकोले या तालुक्यांत ते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. जत्रेच्या तिथीला ही दोन्ही प्रकारची माणसे गावात असतात. गावाचे बरेचसे सामाईक निर्णय, सोयरिकीची बोलणी आणि देण्याघेण्याचे व्यवहार त्यामुळे जत्रेच्या आगेमागे होतात.

जिल्ह्यातील उत्सवरूपे

गावजत्रा आणि तमाशा

ग्रामदैवताची जत्रा हा जिल्ह्यातील सर्वदूर आढळणारा ग्रामोत्सव होय. बहुसंख्य जत्रा माघ ते वैशाख या काळात, विशेषतः चैत्रात भरतात. रब्बीची सुगी उरकलेली असते आणि पेरणीला अवकाश असतो. पारनेर तालुक्यातील पिंपळगाव रोठा येथील कोरठण खंडोबाची यात्रा मात्र पौष पौर्णिमेला भरते. उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्यांची मिरवणूक हे तिचे वैशिष्ट्य आहे.

जत्रेचा क्रम सामान्यतः ठरलेला असतो. तरुण मंडळी गोदावरीचे पाणी कावडीने आणून देवाला अभिषेक घालतात. शेरणी वाटली जाते. रात्री पालखीचा छबिना निघतो, शोभेचे दारूकाम होते आणि त्यानंतर तमाशा उभा राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची ‘हजेरी’ होते आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा भरतो. लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांपासून सुरुवात होऊन मानाच्या शेवटच्या कुस्तीने हगामा संपतो. अनेक गावांच्या जत्रांत परजातीय व परधर्मीय कुटुंबांकडेही परंपरागत मान असतात.

खर्चासाठी यात्रा कमिटी प्रत्येक घरामागे वा जमिनीच्या प्रमाणात पट्टी बसवते. बाहेरगावी असणारे गावकरी आपापली वर्गणी पाठवतात. तमाशा ठरवण्यासाठी कमिटीचे प्रतिनिधी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. सुपारीच्या प्रयोगाचे पैसे गाव देत असल्याने गावकऱ्यांना तो विनामूल्य पाहता येतो. तिकीट लावून होणारे खेळ कनातीत होतात.

ढोलकी फडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. मोठ्या फडात कलावंत, वादक, बिगारी, वाहनचालक व आचारी मिळून शंभराहून अधिक माणसे असतात. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी व वग हा त्यांच्या सादरीकरणाचा क्रम आहे. संगमनेर हे या परंपरेचे जिल्ह्यातील महत्त्वाचे ठिकाण. तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांचे वास्तव्य तेथे होते. तुकाराम खेडकर यांच्यासमवेत त्यांनी फड गाजवला आणि पुढील पिढ्यांनी तो चालू ठेवला. राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला होता. जामखेड परिसर संगीतबारीच्या कला केंद्रांसाठी ओळखला जातो.

फडमालक हंगामापूर्वी कर्ज काढून कलावंतांना उचल देतो आणि जत्रांच्या सुपाऱ्यांतून ते फेडतो. त्यामुळे दुष्काळी वर्षात गावाने जत्रा आटोपती घेतली, की त्याचा फटका थेट फडाला बसतो. २०२० साली टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हा गुढीपाडव्याचाच दिवस होता. ऐन सुपाऱ्यांच्या काळात जत्रा रद्द झाल्या आणि २०२१ मध्येही तीच वेळ आली. सलग दोन हंगाम बुडाल्याने फडमालक व कलावंत कर्जबाजारी झाले. गावजत्रा ही लोककलेच्या उपजीविकेचा कणा आहे, हे या काळात स्पष्ट झाले.

मढीची यात्रा

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे नवनाथांपैकी कानिफनाथांची समाधी आहे. तेथील यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि रंगपंचमी हा तिचा मुख्य दिवस असतो. गोपाळ, कैकाडी, वैदू, वडार अशा अनेक भटक्या-विमुक्त समाजांचे येथे मान असल्यामुळे मढीला ‘भटक्यांची पंढरी’ असे संबोधले जाते. वर्षभर गावोगाव विखुरलेल्या या समाजांसाठी यात्रा हे भेटीचे, सोयरिकीचे व व्यवहाराचे ठिकाण होते. पूर्वी त्यांच्या जातपंचायतीही येथे भरत. जाचक निवाड्यांमुळे त्यांवर टीका झाली आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने त्यांविरुद्ध मोहीम चालवली.

यात्रेतील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. काठेवाडी गाढवांना येथे विशेष मागणी असते. वीटभट्ट्या, बांधकाम व माती वाहतूक यांत यंत्रे आल्यानंतर या बाजाराचे स्वरूप आक्रसले आहे. यात्रेपूर्वी सुमारे महिनाभर मढीचे ग्रामस्थ तळण, लग्नकार्य इत्यादी गोष्टी वर्ज्य मानतात. रेवडीचा प्रसाद, खेळणी, भांडी, घोंगड्या, शेतीची अवजारे यांची दुकाने यात्रेत लागतात व परिसरातील छोट्या व्यापाऱ्यांची बरीच उलाढाल या पंधरवड्यात होते.

अखंड हरिनाम सप्ताह

वारकरी परंपरेत या जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. नेवासे येथे संत ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, अशी परंपरा असून ग्रंथाचा काल शके १२१२ (इ.स. १२९०) मानला जातो. गावोगाव होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस अहोरात्र वीणा खाली ठेवली जात नाही. पहाटे काकडा, सकाळी पारायण, सायंकाळी हरिपाठ व रात्री कीर्तन असा कार्यक्रम असतो आणि काल्याच्या कीर्तनाने सांगता होते. पहारेकऱ्यांच्या पाळ्या, पंगतीचे वाटप आणि कीर्तनकारांची व्यवस्था गावकरी आपसांत ठरवतात. पखवाज, चाल आणि गायन यांचे शिक्षण अनेक खेड्यांतील मुलांना प्रथम याच मंडपात मिळते.

श्रीरामपूर तालुक्यातील गोदाकाठच्या सराला बेट येथील संत गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताह दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. तो श्रावणात भरतो व दरवर्षी वेगवेगळ्या गावाला त्याचे यजमानपद मिळते. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील गावे त्यासाठी प्रयत्नशील असतात. पंचक्रोशीतील घराघरांतून भाकरी येतात व सप्ताहाच्या ठिकाणी मोठ्या कढयांत आमटी शिजते. यजमानपद फिरते असल्यामुळे खर्चाचा भार एका गावावर कायमचा पडत नाही आणि मोठ्या मेळाव्याच्या व्यवस्थापनाचा अनुभव अनेक गावांना मिळतो.

बोहाडा आणि आदिवासी नृत्ये

बोहाडा हा मुखवटे धारण करून केला जाणारा नृत्यनाट्यात्मक उत्सव असून पालघर, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सह्याद्रीलगतच्या आदिवासी पट्ट्यात तो प्रचलित आहे. काही भागांत त्याला ‘भवाडा’ किंवा ‘आखाडी’ म्हणतात. अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर समाजांच्या परिसरात उन्हाळ्यात, शेतीची कामे सुरू होण्यापूर्वी, बोहाडा होतो. मुखवट्यांना व ते घालून नाचणाऱ्या पात्रांना ‘सोंग’ म्हणतात. मुखवटे लाकडाचे अथवा कागदाच्या लगद्याचे असतात. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ व पिपाणीच्या साथीने एकेक सोंग नाचत येते. आरंभ गणपती व सरस्वतीच्या सोंगांनी होतो. नंतर रामायण-महाभारतातील पात्रे, खंडेराव, वेताळ, नरसिंह इत्यादी येतात आणि अखेरीस देवी महिषासुराचा वध करते.

सोंग नाचवण्याचा मान बहुधा विशिष्ट घराण्यांकडे असतो. काही गावांत तो बोली लावून दिला जातो व जमलेली रक्कम उत्सवाला लावली जाते. मुंबई-नाशिककडे कामाला गेलेला माणूस आपल्या घराण्याचे सोंग नाचवण्यासाठी गावी येतो. या बांधिलकीमुळे उत्सव पुढील पिढीकडे पोहोचतो. मान असलेले घर गाव सोडून कायमचे गेले, की ते सोंग मागे पडते. ठाकर समाजातील कांबड नाच हीदेखील या भागातील उल्लेखनीय कला आहे.

काजवा महोत्सव

मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या पूर्वार्धात, पावसाच्या आगमनापूर्वी, भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर असंख्य काजवे चमकतात. हे दृश्य पाहण्यासाठी पुणे, मुंबई व नाशिक येथून पर्यटक येऊ लागले आणि त्यातून ‘काजवा महोत्सव’ रूढ झाला. घाटघर, उडदावणे, मुरशेत, पांजरे, रतनवाडी इत्यादी गावांचा परिसर त्यासाठी ओळखला जातो. हा बराचसा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

या भागाची स्थिती वैशिष्ट्यपूर्ण आहे. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व त्याच्या पाण्यावर खालच्या खोऱ्यातील ऊसशेती बहरली. धरणाच्या वरच्या अंगाची गावे मात्र पावसाळी भातशेतीवर अवलंबून राहिली आणि उन्हाळ्यात रोजगारासाठी बाहेर पडत राहिली. काजव्यांचा काळ नेमका या रिकाम्या दिवसांत येतो. स्थानिक तरुण वाटाड्याचे काम करतात, धरणाकाठी तंबू लावतात आणि घरोघरी पाहुण्यांच्या भोजनाची सोय होते. पुढे पावसाळ्यातील धबधबे, साम्रदची सांदण दरी, रतनगड व हरिश्चंद्रगड यांमुळे पर्यटनाचा हंगाम लांबतो.

त्याचबरोबर गर्दीचे दुष्परिणामही पुढे आले. काजव्यांचे प्रकाशमान होणे हे जोडीदाराला दिलेले संकेत असतात. वाहनांचे दिवे, मोबाइलचे प्रखर झोत व कृत्रिम रोषणाई यांमुळे त्यांत व्यत्यय येतो. काही जातींच्या माद्या व अळ्या जमिनीवर राहत असल्याने त्या पायदळी जातात. वन विभागाने प्रवेशशुल्क, वेळेची मर्यादा, वाहनांवर व मोठ्या आवाजावर निर्बंध असे उपाय योजले आहेत. ज्या गोष्टीसाठी पाहुणे येतात तीच गोष्ट पाहुण्यांमुळे धोक्यात येणे, हा या महोत्सवापुढील मूलभूत प्रश्न आहे.

अर्थव्यवहार

ग्रामोत्सवातील पैशाचा प्रवाह उत्सवाच्या प्रकारानुसार बदलतो. गावजत्रेत गावाचाच पैसा व बाहेरगावी असणाऱ्यांनी पाठवलेली वर्गणी एकत्र येते. तिचा मोठा भाग तमाशा, वाजंत्री, मंडप, दारूकाम व कुस्त्यांची बक्षिसे यांवर खर्च होतो आणि पुष्कळसा बाहेर जातो. गावात उरते ती शिल्लक. अनेक यात्रा कमिट्या ती मंदिराचे बांधकाम, सभामंडप, शाळेची खोली किंवा पाण्याची टाकी यांसाठी वापरतात. जत्रेनंतर हिशेबाचे वाचन करण्याची रीत जेथे पाळली जाते, तेथे पुढील वर्षी वर्गणी देण्यास लोक का-कू करत नाहीत.

पर्यटनप्रधान महोत्सवात पैसा बाहेरून येतो. तथापि जमीन, वाहन अथवा भांडवल असणाऱ्यांनाच त्याचा अधिक लाभ होण्याची शक्यता असते. तंबू व निवासाची आरक्षणे शहरातील मध्यस्थांमार्फत झाल्यास गावकऱ्याच्या वाट्याला मजुरी तेवढी येते. घरगुती निवास, गावातील महिलांनी चालवलेली भोजनव्यवस्था आणि ग्रामस्थांच्या समितीकडे जमा होणारे शुल्क या व्यवस्थांमध्ये लाभाचे वाटप अधिक विस्तृत होते.

उत्सव आणि जलसंधारण

जिल्ह्यातील ग्रामपुनरुज्जीवनाची सर्वाधिक ज्ञात उदाहरणे पाणलोट विकासाची आहेत, उत्सवांची नाहीत. तरीही त्यांच्या वाटचालीत सामूहिक प्रसंगांना महत्त्वाचे स्थान आहे.

पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये परतले, तेव्हा गाव दुष्काळ व दारूभट्ट्या यांनी ग्रासले होते. त्यांनी पहिले काम हाती घेतले ते संत यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे. स्वतःची शिल्लक त्यांनी त्यासाठी दिली व पाठोपाठ गावकरी श्रमदानाला आले. गावाच्या बैठका मंदिरात होऊ लागल्या. दारूबंदी, नालाबंडिंग, वृक्षारोपण, धान्यबँक व सामुदायिक विवाह यांचे निर्णय तेथून पुढे झाले. २ ऑक्टोबरला ‘गावाचा वाढदिवस’ साजरा करण्याची प्रथा सुरू झाली. ज्येष्ठांचा सन्मान, वर्षभरात जन्मलेल्या बालकांचे व नव्याने आलेल्या सुनांचे स्वागत आणि सहभोजन असे तिचे स्वरूप आहे.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार पूर्वी पहिलवानांसाठी ओळखले जाई. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खालावले व अनेक कुटुंबांनी स्थलांतर केले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी व श्रमदान या पंचसूत्रीवर आणि आदर्श गाव योजनेच्या आधारे कामे झाली. पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची व शेतीसाठी कूपनलिका न घेण्याची शिस्त ग्रामसभेने स्वीकारली. गेलेली कुटुंबे परत आली.

या दोन्ही गावांत वस्ती सावरली ती पाणी व रोजगार मिळाल्यामुळे. उत्सव अथवा मंदिराचे काम हे लोकांना एकत्र आणणारे पहिले निमित्त होते. श्रम व निधी यांची सवय लागल्यानंतर ती जमिनीच्या व पाण्याच्या कामाकडे वळवली गेली, हे राळेगण सिद्धीच्या अनुभवाचे सार होय. जत्रा दिमाखाने भरवणारी, परंतु उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणारी गावे जिल्ह्यात आहेत. तेथे उत्सवापुरती परतलेली माणसे उत्सवानंतर पुन्हा बाहेर पडतात.

तुलनात्मक उदाहरणे

महाराष्ट्रातील लोकाश्रयावर टिकलेल्या ग्रामीण कलाव्यवहाराचे ठळक उदाहरण म्हणजे पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके होतात. गडचिरोलीतील वडसा (देसाईगंज) हे नाटक कंपन्यांचे केंद्र आहे. गावातील मंडळ कंपनीशी करार करते, तिकिटे विकते आणि उरलेली रक्कम गावाच्या कामाला लावते. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू केला. ग्रामस्थांनी आपल्या घरांतील जागा वाचकांसाठी खुल्या केल्या. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावापासून त्याची प्रेरणा घेण्यात आली होती. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात गंजाड येथे वारली व जपानी कलावंतांच्या सहभागाने भित्तिचित्रांचा महोत्सव झाला.

जागतिक स्तरावर जपानमधील एचिगो-त्सुमारी कला त्रैवार्षिकाचा उल्लेख नेहमी केला जातो. निगाता प्रांतातील तोकामाची व त्सुनान या अतिहिमवृष्टीच्या डोंगराळ भागातील तरुण शहरांकडे गेल्याने घरे व शाळा ओस पडल्या होत्या. फ्राम कितागावा यांच्या दिग्दर्शनाखाली २००० मध्ये तेथे महोत्सव सुरू झाला. सुमारे ७६० चौरस किलोमीटर परिसरातील भातखाचरे, रिकामी घरे आणि बंद पडलेल्या शाळांत कलाकृती मांडल्या जातात. आरंभी साशंक असलेले ग्रामस्थ पुढे कलाकृतींची देखभाल, भोजनगृहे व पाहुण्यांचे स्वागत यांत सहभागी झाले. अभ्यागतांची संख्या वाढूनही या भागातील लोकसंख्येची घट थांबलेली नाही. तोकामाची येथेच एका बंद शाळेत मिथिला चित्रकलेचे संग्रहालय असून तेथे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या कलाकृती आहेत.

टीका आणि मर्यादा

उत्सवांतून ग्रामपुनरुज्जीवन साधण्याच्या प्रयत्नांवर पुढील आक्षेप घेतले जातात.

खर्चाचा भार: घरामागे सक्तीने बसवलेली पट्टी दुष्काळी वर्षात गरीब कुटुंबांना जड जाते. मानपानाच्या चढाओढीत ध्वनिक्षेपक, दारूकाम व बडे कलाकार यांवर होणारा खर्च वाढत जातो.

कलावंतांचे स्थान: तमाशा व संगीतबारीतील अनेक कलावंत परंपरेने वंचित समाजांतील आहेत. कला लोकप्रिय असूनही कलावंत स्त्रियांना अवहेलना, असुरक्षितता व उतारवयातील हलाखी सोसावी लागते. कलावंताच्या निर्वाहाची तरतूद नसलेला उत्सव कलेला फार काळ तारू शकत नाही, असे अभ्यासक मानतात.

सहभागाचा प्रश्न: उत्सव गावाचा असला, तरी गावातील सर्वांना त्यात समान स्थान असतेच असे नाही. मान व अधिकार यांची परंपरागत उतरंड, स्त्रियांचा यात्रा कमिट्यांतील अल्प सहभाग आणि काही ठिकाणी दलितांना नाकारला गेलेला वाटा यांवर टीका झाली आहे. २०२५ च्या यात्रेपूर्वी मढी येथील ग्रामसभेने मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावण्यास मनाई करणारा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी त्यास स्थगिती दिली. यात्रेच्या बाजारावर अनेक समाजांची उपजीविका अवलंबून असल्याने हा वाद राज्यभर चर्चिला गेला.

पर्यावरण: काजवा महोत्सवाप्रमाणेच मोठ्या यात्रांतही पाणी, कचरा व स्वच्छता यांचा ताण लहान गावावर पडतो.

शासकीय महोत्सवांची मर्यादा: जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या शासकीय सांस्कृतिक महोत्सवांमुळे कलावंतांना व्यासपीठ मिळते. मात्र त्यांची तिथी, कार्यक्रम व खर्च यांबाबतचे निर्णय गावाबाहेर होत असल्याने गावातील संघटनशक्ती वाढण्यास त्यांचा फारसा हातभार लागत नाही. अनुदान थांबताच असे उपक्रम बंद पडण्याचा संभव असतो.

हे सुद्धा पहा

तमाशा
बोहाडा
मढी
अखंड हरिनाम सप्ताह
कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य
राळेगण सिद्धी
हिवरे बाजार
झाडीपट्टी रंगभूमी
पुस्तकांचे गाव (भिलार)